सोनियाच्या संक्रांतीचा साबण

१७ डिसेंबर, मंगळवार

आजपासून पुन्हा रोजनिशी. पुढच्या दीड महिन्यात जे घडणार आहे ते नोंदवून ठेवण्यासारखं असेल.

सकाळी उल्हासनगरहून विहीणबाईंचा फोन. आमच्या सोनियाची लग्नानंतरची पहिली संक्रांत. हळदीकुंकू २ फेब्रुवारीला, रविवारी, त्यांच्याकडे. पन्नास बायका. वाण माहेरचं. इथपर्यंत ठीक. पुढे म्हणाल्या, पाव्हणं, वाणाची काळजी करू नका, आमच्या दुकानातल्या साबणदाण्या आहेत, त्याच वाटू.

जावयाचं, म्हणजे महेशचं, प्लास्टिकचं दुकान आहे. बादल्या, टब, डबे, हँगर. मुलगा वाईट नाही, पण दिवसभर त्या मालात बसून डोकंही तसंच झालंय. हलकं आणि रंगीत. माझ्या एकुलत्या एका मुलीच्या पहिल्या संक्रांतीला गुलाबी साबणदाणी. तीही रिकामी. बायकांनी घरी नेऊन आत काय ठेवायचं, माझी अब्रू?

सौ.चं म्हणणं, दाणी तर दाणी, वापरात तरी येते. गोजरबाई हे नाव ठेवताना तिच्या वडिलांनी जेवढी कल्पनाशक्ती वापरली तेवढीच तिच्या वाट्याला आली आहे.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरची जिज्ञासा आली. माहेर पालेगाव, लग्न होऊन इथे बदलापुरात. घरी साबण बनवून मोबाईलवर विकते. एक वडी नमुना म्हणून दिली. आरपार दिसणारी, आत गुलाबाची पाकळी. याला साबण म्हणत नाहीत, जेली म्हणतात.

तेवढ्यात सुचलं. मी बत्तीस वर्षं अंबरनाथच्या केमिकल कंपनीत काढली आहेत. साबण म्हणजे काय, तेल आणि कॉस्टिक सोडा. ठराव: पन्नास साबण मी स्वहस्ते बनवणार. हळदीकुंकवाला हळदीचा साबण. विहीणबाईंना फोन करून कळवलं. दाण्या नकोत म्हणालो. त्या म्हणाल्या, बरं.

उद्या सकाळी सुरुवात.

१८ डिसेंबर, बुधवार

सुरुवात नाही. अभ्यास.

यूट्यूबवर तीन व्हिडिओ पाहिले. एका मुलीने साबण बनवायला चष्मा, हातमोजे, ॲप्रन आणि तोंडाला फडकं लावलेलं. ऑपरेशन थिएटरच उघडलंय. ही पिढी उद्या कांदा चिरायला हेल्मेट घालेल. शिवाय प्रत्येक गोष्ट वजनकाट्यावर ग्रॅम-ग्रॅमने मोजते. हाताला अंदाज नाही, म्हणून काटा लागतो.

जिज्ञासा जिन्यात भेटली. म्हणाली, काका, आजच केलात तरी सहा आठवडे सुकवावा लागेल, बरोबर तेवढेच दिवस आहेत, उशीर नका करू. हे तिने कुठेतरी वाचलेलं आहे. असल्या वाचलेल्या ज्ञानाला माझ्याकडे किंमत नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

उल्हासनगर. खरेदी.

कॉस्टिक मागितल्यावर दुकानदाराने विचारलं, अंकल, नाली के लिए? मी म्हणालो, नहाने के लिए. तो माझ्याकडे बघत राहिला. मग आतल्या शेठला काहीतरी सिंधीत म्हणाला, आणि दोघेही बघत राहिले. व्यापारी लोक. माल विकतात, मालाचं ज्ञान शून्य.

मोगऱ्याचं अत्तर घेतलं, खोबरेल तेलाचा डबा घेतला. साच्यांचं दुकान बघितलं. रबरी फुलं, बदामाचे आकार, टेडी बेअर. हसू आलं. माझा साबण चौकोनी असेल.

महेशच्या दुकानावरून आलो पण आत गेलो नाही. गेलो असतो तर एखादी बादली हातात दिली असती.

२२ डिसेंबर, रविवार

पहिला घाणा.

सौ.चं दुधाचं ॲल्युमिनियमचं पातेलं घेतलं. त्यात पाणी, त्यात कॉस्टिक. पुढच्या दहा मिनिटांत जे झालं त्याची शास्त्रीय नोंद: फसफस, प्रचंड वाफ, खोकला, पातेलं आतून काळं आणि तळाला दोन ठिकाणी आरपार.

सौ. बाल्कनीत पळाली. तिथून ओरडत होती की खिडकी उघडा. मी उघडणारच होतो.

दोष पातेल्याचा. तिच्या माहेरचं, रुखवतातलं. तेव्हाही मला त्याच्या दर्जाबद्दल शंका होती, पण नवीन जावई म्हणून गप्प बसलो. आज छत्तीस वर्षांनी सिद्ध झालं.

एकंदरीत चाचणी यशस्वी.

२५ डिसेंबर, बुधवार

चिंतामणीला फोन केला. आमच्याच कंपनीत लॅबमध्ये होता, आता अंबरनाथला निवांत असतो. विचारायला नाही केला, कळवायला केला.

त्याने विचारलं, तेल किती, कॉस्टिक किती? म्हणालो, अंदाजाने. तो म्हणाला, हिंदुराव, प्रत्येक तेलाला कॉस्टिक वेगळं लागतं, वजन करायलाच हवं, जास्त झालं तर कातडी जाते. मी येऊ का? काटा घेऊन येतो.

मी आठवण करून दिली की आपण दोघं एकाच लाइनमधले. तर म्हणाला, अरे, तू डिस्पॅचला होतास. गेटवर ड्रम मोजायचास.

मोजायचो. बत्तीस वर्षं. म्हणजे मोजमापाचा अनुभव कोणाला जास्त?

लॅबवाल्यांचा हाच माज. नको म्हणालो, येऊ नकोस.

२८ डिसेंबर, शनिवार

दुसरा घाणा. या वेळी स्टील.

तासभर हाताने ढवळलं. मनगट गेलं. मग सौ.ची ताक घुसळायची विजेची रवी घेतली. तिने विचारलं, आता ताक कशात करू? मी म्हणालो, मुलीच्या संक्रांतीपुढे ताक मोठं आहे का? ती माळ्यावरची लाकडी रवी शोधायला गेली.

हळद घातली. मिश्रण पिवळं होण्याऐवजी लाल झालं. भडक लाल, विटेसारखं.

दहा मिनिटं विचार केला. मग लक्षात आलं की हे उत्तमच झालं. हळदीत कुंकू आपोआप आलं. हळदीकुंकू एकाच वडीत. हे कोणाला ठरवून जमलं नसतं.

सौ. म्हणाली, रंग बदलला म्हणजे काहीतरी बिघडलं असेल. तिला यातलं काय कळतं.

मिठाईच्या दोन ट्रेमध्ये ओतलं. वर जुनी चादर पांघरली.

१ जानेवारी, बुधवार

नवीन वर्षाचे संकल्प: एक, चिडायचं नाही. दोन, जिज्ञासासारख्या लोकांना समजून घ्यायचं. तीन, पहाटे फिरायला जायचं.

फिरायला गेलो नाही कारण साबण बघायचा होता. चार दिवस झाले, जमला नाही. वर बोटभर तेल तरंगतंय. सौ. म्हणाली, लोणच्यासारखं दिसतंय. चिडलो.

उपाय सोपा आहे. तेल उरलंय म्हणजे कॉस्टिक कमी पडलं. सगळं पुन्हा गरम केलं आणि कॉस्टिक घातलं. हात सैल सोडला. कंजूषपणा करून मोठी कामं होत नाहीत.

४ जानेवारी, शनिवार

विजय.

दगडासारखा जमला. सुरीने कापेना, कोयता घेतला. कडा थोड्या भुरभुरल्या, पण छप्पन्न वड्या निघाल्या. वर पांढरी भुकटी आलीय, पिठीसाखर भुरभुरल्यासारखी. दिसायला राजस.

बोटांची सालं निघताहेत. यंदा बदलापुरात थंडी फार आहे.

सौ.ला पहिला मान दिला. तिने हात धुतले आणि म्हणाली, आग होते. मी समजावलं की इतकी वर्षं बाजारच्या मवाळ साबणाने कातडी सुस्त झाली आहे, ती आता जागी होतेय. ती बाहेर जाऊन खोबरेल लावून बसली. नाजूकपणा नेमका माझ्या वस्तूंच्या बाबतीतच सुचतो.

८ जानेवारी, बुधवार

जिज्ञासा वर आली. न बोलावता. हातात कागदाच्या पट्ट्या. म्हणाली, काका, कॉस्टिक किती उरलंय ते फक्त चेक करते. ओल्या वडीला पट्टी लावली, तर पट्टी जांभळी-काळी झाली. तिचं तोंडही तसंच झालं.

म्हणाली, काका, हा अंगाला नाही लावायचा. टेन्शन नका घेऊ, अजून टाइम आहे, माझ्याकडे दोन महिन्यांपूर्वीचा खोबरेलाचा घाणा सुकलेला आहे, त्यातल्या पन्नास वड्या देते, वर तुमचं नाव लावा. कोणाला नाही सांगणार.

ऐकून घेतलं. मग शांतपणे सांगितलं की तुझा कागद एक्स्पायर झालाय. आणि माझं नाव मी माझ्याच मालाला लावतो.

जाताना दोन वड्या दिल्या, वापरून बघ म्हणून. तिने ओढणीच्या टोकात धरून नेल्या. गर्व किती असावा.

१० जानेवारी, शुक्रवार

जिज्ञासाचा नवरा दिपेश पार्किंगमध्ये भेटला. म्हणाला, काका, तुमचा साबण एक नंबर. बाईकची चेन धुतली, चकाचक झाली, तीन वर्षांचं ग्रीस निघालं.

घरात बायको नावं ठेवते आणि नवरा कौतुक करतो. सत्य शेवटी बाहेर येतंच. त्याला आणखी एक वडी दिली.

१२ जानेवारी, रविवार

उल्हासनगरला जाऊन आलो. सोनियाचे हलव्याचे दागिने, काळी साडी, तीळगूळ पोचवले. सोबत दोन साबण, तिच्या स्वतःच्या वापराला. म्हटलं, पन्नास बायकांना द्यायच्या आधी तू वापर आणि मला रोज कसा वाटला ते सांग. ती हो म्हणाली.

सौ. तिच्या मागे मागे स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ कुजबुजत होती. बायकांचं काहीतरी.

१५ जानेवारी, बुधवार

रोज संध्याकाळी सात वाजता सोनियाला फोन. आजचा अहवाल:

वापरला का? हो पप्पा.

फेस? छान येतो.

वास? छान आहे.

विहीणबाई काय म्हणतात? त्या त्यांचाच वापरतात.

साहजिक आहे. त्या वयात नवीन काही स्वीकारणं जमत नाही.

एकीकडे जिज्ञासाची पट्टी, दुसरीकडे माझ्या मुलीचा शब्द. कोणाचं ऐकायचं हे मला ठरवावं लागत नाही.

१९ जानेवारी, रविवार

पॅकिंग. लेबल मी स्वतः लिहिलं: शुद्ध, हस्तनिर्मित, केमिकलविरहित. खाली: संकल्पना व निर्मिती, हिंदुराव.

सौ. म्हणाली, केमिकलविरहित कसा, कॉस्टिक तर तुम्हीच आणलं. तिला मार्केटिंग समजावण्यात अर्थ नाही.

गुलाबी कागदात गुंडाळले. संध्याकाळपर्यंत कागद ओले. वड्यांना घाम येतोय. पुन्हा गुंडाळले, पुन्हा ओले. शेवटी आतून प्लास्टिकची पिशवी घातली. महेशला कळता कामा नये.

सोनियाचा अहवाल: छान.

२६ जानेवारी, रविवार

सोसायटीत झेंडावंदन. त्यानंतर चार शब्द बोलण्याची मला विनंती करण्यात आली. म्हणजे कोणी केली नाही, पण माईक चालू होता. स्वावलंबन या विषयावर बोललो. साबणाचं उदाहरण दिलं. लोक शांतपणे ऐकत होते, काही जण ऐकता ऐकता वडापावकडे सरकले. बदलापूरच्या माणसाला फुकटचा वडा दिसला की देश दिसत नाही.

खरवईच्या बचत गटाच्या दोन बायका मात्र पुढे आल्या. साबण शिकवाल का विचारलं. फेब्रुवारीत वर्ग घेईन म्हणालो. वर्गात पहिल्या दिवशी काय सांगायचं तेही ठरवलंय: काटा घरी ठेवून या.

जिज्ञासा मागे उभी होती. मान खाली घालून मोबाईल बघत होती. ऐकू तर येत असणार.

३० जानेवारी, गुरुवार

सोनिया हल्ली व्हिडिओ कॉल घेत नाही. नुसता आवाज. कॅमेरा बिघडलाय म्हणते. महेशला सांगितलं, दुकानातून डोकं वर काढ आणि तिचा फोन दुरुस्त करून आण. तो म्हणाला, पप्पा, कॅमेरा ठीक आहे. आणि मग काहीतरी बोलणार होता तर सोनियाने फोन काढून घेतला.

नवरा-बायकोत काही बिनसलेलं दिसतंय. रविवारी गेल्यावर महेशला दोन शब्द सुनावायला हवेत.

साबणाचा अहवाल: छान.

२ फेब्रुवारी, रविवार

लिहायचं नव्हतं. लिहितो.

दुपारी चारला पोचलो. मी, सौ. आणि पन्नास साबणांची पेटी. हळदीकुंकवाला पुरुषाचं काम नसतं हे मला माहीत आहे, पण माल माझा होता. बाहेरच्या खोलीत खुर्ची टाकून बसलो. तिथून आतलं सगळं दिसत होतं.

सोनिया काळ्या साडीत, अंगावर हलव्याचे दागिने. दोन्ही हात मनगटापर्यंत बँडेजमध्ये. कुंकवाचा करंडा विहीणबाईंच्या हातात. स्वतःच्या पहिल्या संक्रांतीला पोरगी नुसती बाजूला उभी होती, येणारीला मान लववून नमस्कार करत.

विहीणबाई प्रत्येकीला सांगत होत्या, तिळाचा पाक सांडला हातावर, नवीन आहे, शिकंल हळूहळू.

मला राग आला. सगळ्यांसमोर म्हणालो, पाक करताना लक्ष कुठे असतं? आईने एवढं पण शिकवलं नाही का? सोनिया म्हणाली, चुकलं पप्पा. सौ. माझ्याकडे अशी बघत होती की मी तिकडे बघणं टाळलं.

मग वाणाची वेळ. मी पेटी पुढे सरकवली. सोनिया पटकन मध्ये आली. म्हणाली, पप्पा, साबण नंतर देऊ, आधी साबणदाण्या देऊ या. बघतो तर कोपऱ्यात दाण्यांचा ढीग तयार. माझ्या पाठीमागे कट. मी म्हणालो, आधी बायकांना बघू दे काय चीज आहे ती. परातीत पाणी मागवलं. एक वडी बुडवून हातात घेतली, आणि पुढच्याच बाईला म्हटलं, हात पुढे करा.

तिने केला. तरुण बाई, कडेवर मूल.

सोनियाने माझ्या हातातली वडी काढून घेतली. बँडेजच्या हातांनी. म्हणाली, पप्पा, त्यांना नको, मी दाखवते. आणि बँडेज सोडायला लागली.

महेश पुढे आला, माझं मनगट धरलं आणि मला गॅलरीत नेलं. आजवर त्याने माझ्याशी आवाज चढवला नव्हता. आजही चढवला नाही. म्हणाला, पाक सांडलाच नाही पप्पा. तुमच्या साबणाने झालंय. तिसऱ्या दिवशीच कातडी फाटायला लागली. मी दोनदा कचऱ्यात टाकला, तिने उचलून आणला. डॉक्टर ओरडले. बदलापूरच्या आईंनीपण पहिल्या दिवशीच तिला सांगितलं होतं, नुसता ठेवून दे, वापरू नको.

मी म्हणालो, मग वापरला कशाला? रोज छान म्हणून का सांगितलं?

तो म्हणाला, छान म्हणणं तिला जमलं. पण वापरला नसताना वापरला म्हणून सांगणं जमेना. तुम्ही रोज सातला विचारायचात. ती पावणेसातला हात धुवायची.

खाली रस्त्यावर कोणीतरी टेम्पो मागे घेत होतं. ते बघत उभा राहिलो. बराच वेळ लागला त्याला.

पेटी उचलून घरी आणली. बायकांनी साबणदाण्या नेल्या.

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी अंघोळ केली. माझ्या साबणाने.

एक नोंद राहून गेली होती. कोणी विचारलं नाही म्हणून मीही लिहिली नाही. या सगळ्या दिवसांत मी स्वतः तो अंगाला एकदाही लावला नव्हता. मी बाजारचाच वापरत होतो. वाणाची वस्तू आपण कशी वापरायची, असं स्वतःला सांगितलं होतं.

मान आणि दंड लाल. बगलेत लिहिण्यासारखं नाही. सौ.ने खोबरेल लावलं. मला वाटलं आता बोलेल. बोलली नाही. बोलली असती तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

संध्याकाळी सात वाजता फोन हातात घेतला. ठेवला.

५ फेब्रुवारी, बुधवार

चिंतामणीला बोलावलं. काटा घेऊन आला. माझा अंदाज पुन्हा करून दाखवायला लावला. मी तेल ओतलं, कॉस्टिकच्या जागी मीठ घेतलं, त्याने दोन्हीचं वजन केलं आणि पाठकोऱ्या कागदावर आकडेमोड केली. लागतं त्याच्या दुप्पट पडलं होतं. तेल वर आलं होतं ते नीट मिसळलं नव्हतं म्हणून, आणि मी मात्र कॉस्टिक दोनदा घातलं होतं.

मला वाटलं ड्रमची गोष्ट काढेल. काढली नाही. म्हणाला, तू नको म्हणालास तेव्हा मी ऐकायला नको होतं. उरलेल्या वड्या झाकणाच्या बादलीत भरून तोच घेऊन गेला.

खरवईच्या बायकांचा निरोप आला. वर्ग जिज्ञासा घेणार आहे. मी खाली जाऊन तिला म्हणालो, बरं झालं. तिने विचारलं, काका, सोनियाताईचा हात कसा आहे? तिला कसं कळलं विचारलं नाही. दारातूनच परत आलो.

९ फेब्रुवारी, रविवार

उल्हासनगरला एकटा गेलो.

दोन पानांचं निवेदन तयार केलं होतं. पार्श्वभूमी, हवामान, कच्च्या मालाची प्रत, आणि शेवटी खेद. विहीणबाई मेथी निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, बसा पाव्हणं. बसलो नाही. खिशातून कागद काढला. चष्मा घरी राहिला होता.

मग तसंच सांगितलं. पाक सांडला नव्हता. माझ्या साबणाने झालं. पोरीची काही चूक नाही.

तीन वाक्यं. दोन पानांत ही तिन्ही नव्हती.

विहीणबाईंचा हात थांबला नाही. म्हणाल्या, मला ठाव होतं. पाकानं फोड येतो, अशी सालं निघत न्हाईत. तिनं सांगितलं न्हाई, म्या इचारलं न्हाई. पण त्या दिवशी पन्नास जणींत मी तिला बिनकामाची ठरवली. ते आता कोण निस्तरणार? मी का तुम्ही?

मी म्हणालो, मी.

मला वाटलं, कधीतरी नंतर. त्यांनी बसल्या जागेवरून हाक मारली. शेजारच्या दोघी आल्या, पदराला हात पुसत. पुन्हा तीन वाक्यं. त्यातली एक म्हणाली, अय्या, म्हणजे ते केमिकलवाले तुम्हीच का? हो म्हणालो. दुसरी गेली आणि आणखी एकीला घेऊन आली. पुन्हा.

सोनिया आतून बाहेर आली. बँडेज निघालंय. तळहात लहान मुलासारखे गुलाबी. माझ्याशेजारी बसली. समोर संत्री होती. तिला अजून सोलता येत नाही, म्हणून मी एक सोललं. शिरा काढून, एकेक फोड तिच्या हातावर ठेवत गेलो. रस माझ्या बोटांच्या भेगांत गेला.

तिने विचारलं, पप्पा, झोंबतंय का?

हो म्हणालो.

तिने बाकीचं संत्रं माझ्या हातातून घेतलं, उरलेल्या फोडी मोजल्यासारखं केलं आणि त्यातल्या निम्म्या माझ्यापुढे ठेवल्या.